परसबागेतील तंबाखू : बियापासून बोंडापर्यंत

तंबाखूचे बी प्रथमच हातात घेणाऱ्यास ते बी आहे असे वाटतच नाही. तपकिरी रंगाची ही भुरभुरीत पूड एखाद्या बारीक दळलेल्या मसाल्यासारखी दिसते आणि जवळून श्वास सोडला तरी उडून जाते. एका ग्रॅममध्ये असे सुमारे ११,००० ते १२,००० दाणे असतात; मोहरीच्या एका बारीक दाण्याच्या भारात तंबाखूचे पंचवीस दाणे सहज बसतात. एवढ्याशा दाण्यातून चारपाच महिन्यांत पुरुषभर उंचीचे, हातभर लांब पानांचे झाड उभे राहते. रोपवाटिकेतील बहुतेक अडचणी आणि त्या दूर करण्यासाठी शेतकऱ्यांनी शोधून काढलेल्या बहुतेक युक्त्या या बियाच्या सूक्ष्मपणातून उद्भवलेल्या आहेत.

तंबाखू ही वांगी, टोमॅटो, मिरची व बटाटा यांच्याच कुलातील वनस्पती होय. तिच्या प्रजातीला लिनीअसने १७५३ साली निकोटियाना हे नाव दिले, ते १५६० च्या सुमारास लिस्बनहून फ्रान्सच्या राजदरबारी तंबाखू पाठविणाऱ्या झां निको या वकिलाच्या नावावरून. या प्रजातीतील दोनच जाती भारतात पीक म्हणून घेतल्या जातात. पहिली निकोटियाना टबॅकम. हिचे झाड उंच, पाने लांबट व बहुधा बिनदेठाची, फुले गुलाबी. दुसरी निकोटियाना रस्टिका. हिचे झाड ठेंगणे, पाने जाड, गोलसर व देठाची, फुले हिरवट पिवळी. पहिली देशाच्या बहुतेक भागांत येते. दुसरीला दीर्घ व थंड हिवाळा लागतो. म्हणून ती उत्तर बंगाल, बिहार, उत्तर प्रदेश, उत्तर गुजरात अशा प्रदेशांतच आढळते. दक्षिणेतील हौशी बागवानाने रस्टिकाच्या नादी न लागणे बरे.

ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतप्रदेशातील. पोर्तुगीजांच्या मार्फत ती भारतात आली आणि सतराव्या शतकाच्या प्रारंभी दख्खनेत चांगलीच परिचित झालेली होती. अकबराचा अधिकारी असद बेग याने विजापूरहून तंबाखू व ती ओढण्याची नळी बादशहापुढे नेली, ती १६०५ च्या सुमारास. दरबारातील हकिमाने तेव्हाच तिला विरोध केल्याची नोंद असद बेगने स्वतःच करून ठेवली आहे. जहांगीरने १६१७ साली तंबाखू ओढण्यास मनाई केली. तिचा परिणाम किती झाला, हे पुढचा इतिहास सांगतोच. दक्षिणेतील भाषांनी या परक्या वनस्पतीला स्वतःची नावे दिली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तेलुगूतील पोगाकु, तमिळमधील पुगैयिलै आणि कन्नडमधील होगेसोप्पु या तिन्ही शब्दांचा अर्थ धुराचे पान असाच होतो. मराठीने मूळ शब्दच थोडा वळवून घेतला. पण नाकात ओढण्याच्या तंबाखूला दिलेले तपकीर हे नाव मात्र एका रंगाचे नाव होऊन बसले.

लागवड कशासाठी

परसबागेत तंबाखू का लावावी, हा प्रश्न प्रथमच विचारून टाकलेला बरा. घरच्या पानांची विडी वळणे वा घरची तंबाखू चघळणे हा हेतू असेल, तर तो सोडून द्यावा. तंबाखूमुळे भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडतात आणि घरी पिकविलेले पान बाजारातील पानापेक्षा तसूभरही निरुपद्रवी नसते. त्यातून झाडावरचे हिरवे पान वाळविले की तंबाखू तयार झाली, असेही नाही. ते उन्हात, हवेवर, धुरावर वा भट्टीच्या उष्णतेत आठवडेच्या आठवडे मुरवावे लागते आणि घराच्या पडवीत टांगलेल्या पानांना बहुधा बुरशीच लागते.

परंतु वनस्पतिशास्त्र शिकू इच्छिणाऱ्याला याहून चांगला विद्यार्थिमित्र मिळणे कठीण. विषाणूंचा शोध लागला तो तंबाखूच्या पानावर. दिवसाच्या लांबीनुसार झाडे फुलतात, हे गार्नर आणि अ‍ॅलर्ड यांनी १९२० साली जगापुढे मांडले, ते प्रामुख्याने तंबाखूच्या एका अवाढव्य वाणावरील प्रयोगांच्या आधारे. वॉशिंग्टनजवळच्या शेतात तो वाण उन्हाळाभर नुसता वाढत राही, फुलत नसे. हिवाळ्यात काचगृहात मात्र लहानपणीच फुलावर येई. दिल्ली विद्यापीठात गुहा आणि महेश्वरी यांनी १९६४ साली धोतऱ्याच्या परागकोशांपासून एकगुणित रोपे वाढविली. त्या मार्गाने पुढे ज्या वनस्पतींवर काम झाले, त्यांत तंबाखू अग्रभागी होती. शाळेच्या बागेत वा घरामागच्या अंगणात चारसहा झाडे वाढवून जे पाहता येते, ते पुस्तकातील दहा आकृत्यांनी साधत नाही.

ज्यांना केवळ शोभा हवी असेल, त्यांच्यासाठी याच प्रजातीतील फुलझाडे आहेत. निकोटियाना अलाटाची फुले संध्याकाळी उमलून सुवास देतात; निकोटियाना सिल्व्हेस्ट्रिसची लांब, नळीसारखी पांढरी फुले झुपक्यांनी लोंबतात आणि रात्री लांब सोंडेचे पतंग त्यांच्याकडे येतात. या दुसऱ्या जातीचे महत्त्व शोभेपुरतेच नाही. निसर्गात कोठेही रानटी अवस्थेत न सापडणाऱ्या टबॅकमच्या दोन पूर्वजांपैकी ती एक आहे. सह्याद्रीत देवनळ नावाचे जे उंच पांढऱ्या तुऱ्यांचे झाड उगवते, त्याला कोणी रानतंबाखू म्हणतात. पण त्याचे कूळच वेगळे आहे आणि तेही विषारीच आहे.

वाफा आणि पेरणी

पेरणीचा काळ प्रदेशाप्रमाणे बदलतो. मराठीभाषक शेतकऱ्यांची मोठी वस्ती असलेल्या निपाणी भागात विडीच्या तंबाखूची रोपे पावसाळ्याच्या आरंभी टाकतात व ऑगस्टच्या सुमारास त्यांची पुनर्लागण करतात. गुजरातेतील चरोतरात हीच कामे थोडी मागाहून होतात. आंध्रच्या काळ्या जमिनीत ऑगस्ट–सप्टेंबरात रोपे टाकून ऑक्टोबर–नोव्हेंबरात लावतात; म्हैसूरकडील हलक्या जमिनीत मात्र उन्हाळ्यात रोपे तयार करून पावसाच्या पहिल्या सरींवर लावण्याची वहिवाट आहे. परसबागेला एवढे बंधन नाही. सतत मुसळधार पाऊस आणि कडाक्याची थंडी एवढ्या दोन गोष्टी टाळल्या म्हणजे पुरे. बी उगवण्यास २० ते ३० अंश सेल्सिअस तापमान मानवते.

मोठ्या रोपवाटिकेत एक चौरस मीटर वाफ्याला ०.३ ते ०.५ ग्रॅम बी पुरते. हाच हिशेब परसबागेला लावला, तर ३० सेंटिमीटर रुंद व ४५ सेंटिमीटर लांब लाकडी खोक्यास अर्ध्या डेसिग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका चिमटीचाही काही अंश, बी लागते. एवढ्यातही पाचसहाशे दाणे असतात. नवशिक्याचा हात येथे हमखास सैल सुटतो. दाट उगवलेली रोपे प्रकाशासाठी एकमेकांशी झगडत उंच व किडकिडीत होतात, त्यांच्यामध्ये हवा खेळत नाही आणि रोगाचे पहिले ठाणे तेथेच पडते.

माती भुसभुशीत व पाण्याचा निचरा होणारी असावी. दोन भाग चाळलेली माती, एक भाग चांगले कुजलेले व चाळलेले शेणखत आणि एक भाग बारीक वाळू असे मिश्रण योग्य ठरते. अर्धवट कुजलेले खत कधीही वापरू नये. जमिनीवरच वाफा करावयाचा असल्यास तो आजूबाजूच्या भूमीपेक्षा वीतभर उंच, म्हणजे गादीवाफाच असावा. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब जाळतात हे सर्वांना ठाऊक आहे. तंबाखूच्या रोपवाटिकेतही पालापाचोळा, भुसा वा गोवऱ्या पसरून वाफा भाजून घेण्याची जुनी पद्धत आहे. त्यामुळे वरच्या थरातील तणांचे बी व बुरशी नष्ट होतात. शहरातल्या बागेत धूर करणे शक्य नसेल, तर एप्रिल–मे महिन्यांत ओलावलेल्या मातीवर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद घट्ट अंथरून चारसहा आठवडे ऊन खाऊ द्यावे. बुरशी मारण्याचे काम सूर्यच करतो.

आता प्रत्यक्ष पेरणी. मोजलेले बी मूठभर कोरड्या, बारीक वाळूत किंवा चाळलेल्या राखेत नीट मिसळावे आणि ते मिश्रण एकदा उभे व एकदा आडवे असे दोन वेळा सारखे फेकावे. काही ठिकाणी बी झारीतल्या पाण्यात घालून, पाणी ढवळत ढवळत वाफ्यावर शिंपतात. हीही रीत चांगली आहे. पेरल्यावर बी मातीने झाकू नये, हा तंबाखूच्या पेरणीतील सर्वांत महत्त्वाचा नियम. इतक्या लहान दाण्यात अन्नाचा साठा नाममात्र असतो. अर्धा सेंटिमीटर माती भेदून वर येण्याआधीच तो संपून जातो. शिवाय अनेक वाणांचे बी उजेड मिळाल्याखेरीज उगवतच नाही. तळहाताने वा फळीने वाफा हलकेच दाबून बी मातीला चिकटवले म्हणजे पुरे. वर भाताच्या पेंढ्याचा विरळ थर द्यावा. त्यातून प्रकाश खाली पोहोचतो, ऊन थेट लागत नाही आणि पाण्याच्या थेंबाने बी वाहून जात नाही. मुंग्यांकडे लक्ष ठेवावे. या दाण्यांची वाहतूक करण्यात त्या मोठ्या तत्पर असतात.

पाणी बारीक छिद्रांच्या झारीने, थोडेथोडे पण दिवसातून तीनचार वेळा द्यावे लागते. वरचा मिलिमीटरभर थर एकदा जरी पूर्ण सुकला, तरी नुकता कोंब फुटलेले बी मरते. सातव्या ते दहाव्या दिवशी टाचणीच्या डोक्याएवढी हिरवी पाने दिसू लागतात. त्यानंतर पेंढा टप्प्याटप्प्याने विरळ करावा. पहिले तीन आठवडे रोपे जागच्या जागी थबकल्यासारखी वाटतात आणि अनेकजण येथेच निराश होऊन जास्त पाणी वा खत घालतात. वस्तुतः या काळात रोप आपली मुळे वाढवीत असते. त्याला तसेच राहू द्यावे.

रोपवाटिकेतील खरा शत्रू म्हणजे रोपे कोलमडण्याचा रोग. पिथियम नावाची बुरशी जमिनीलगतच्या देठावर हल्ला करते. देठ पाणचट होऊन काळवंडतो आणि संध्याकाळी उभी असलेली रोपे सकाळी गोलाकार पट्ट्यांत आडवी झालेली दिसतात. विरळ पेरणी, उंच वाफा आणि बेताचे पाणी हाच यावरील मुख्य उपाय. जोडीला अर्धा टक्का बोर्डो मिश्रण फवारतात : एक लिटर पाण्यास ५ ग्रॅम मोरचूद व ५ ग्रॅम कळीचा चुना. दोन्ही निरनिराळ्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र करावयाचे असतात आणि भांडी मातीची वा प्लॅस्टिकची हवीत, लोखंडाची नव्हेत. मिश्रणात लोखंडी चाकूचे स्वच्छ पाते क्षणभर बुडवून पाहावे. त्यावर तांबूस पुट चढले, तर चुना कमी पडला असे समजून आणखी घालावा, अन्यथा कोवळी पाने करपतात.

पुनर्लागण आणि पुढील निगा

चार पाने आलेली रोपे उचलून दुसऱ्या खोक्यात चारपाच सेंटिमीटर अंतरावर लावल्यास ती धट्टीकट्टी होतात. पेरणीपासून सहा ते आठ आठवड्यांनी, रोप १२ ते १५ सेंटिमीटर उंचीचे झाले, की ते कायमच्या जागी हलवावे. त्याआधी आठवडाभर पाणी कमी करून रोपे टणक करावीत. पुनर्लागण ढगाळ दिवशी वा सायंकाळी करावी. दोन झाडांत ६० ते ७५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. कुंडीत लावावयाचे असेल, तर तिचे तोंड किमान ३० सेंटिमीटर रुंद असावे आणि एका कुंडीत एकच झाड असावे. जागा भर उन्हाची हवी.

झाडाला कळ्या दिसू लागल्या की शेतकरी शेंडा खुडतो. बिया व फुले यांकडे जाणारे अन्न पानांकडे वळावे, हा त्यातील हेतू. शेंडा खुडल्याबरोबर प्रत्येक पानाच्या बगलेतून फुटवे येऊ लागतात आणि तेही दर आठवड्याला काढावे लागतात. अभ्यासकाने निम्म्या झाडांचे शेंडे खुडावेत, निम्मी तशीच वाढू द्यावीत. दोन आठवड्यांतच खुडलेल्या झाडांची पाने मोठी, जाड व गर्द झालेली दिसतील. डोळ्यांना न दिसणारा आणखी एक फरक पडतो : शेंडा खुडलेल्या झाडात निकोटीन वाढते.

याचा उलगडा १९४० नंतरच्या दशकातील कलमांच्या प्रयोगांतून झाला. टोमॅटोच्या मुळावर तंबाखूचा शेंडा बांधला, तर त्याच्या पानांत निकोटीन जवळजवळ आढळत नाही. उलट तंबाखूच्या मुळावर बांधलेल्या टोमॅटोच्या पानांत ते उतरते. म्हणजे ज्या पानासाठी एवढी शेती होते, त्या पानातील विष पानात तयारच होत नाही. मुळे ते तयार करतात आणि रसाबरोबर वर पाठवितात. हे कलम परसबागेतही साधते, मात्र तसल्या टोमॅटोचे फळ तोंडात घालण्याचा मोह कोणीही करू नये, आणि घरात लहान मुले असतील तर हा प्रयोग करूच नये.

हे विष त्वचेतूनही शरीरात शिरते. पहाटेच्या दवाने वा पावसाने भिजलेल्या पानांवरील पाण्यात निकोटीन उतरते आणि अशा शेतात उघड्या हातांनी पाने तोडणाऱ्यांना मळमळ, ओकारी, डोकेदुखी व चक्कर यांचा त्रास होतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने गुजरातेतील तंबाखूच्या शेतांवर राबणाऱ्यांची या दृष्टीने पाहणी केलेली आहे. जे मजूर विडी ओढीत नाहीत, त्यांना हा त्रास अधिक जाणवतो, ही यातील विचित्र गोष्ट. व्यसनाने शरीर विषाला सरावलेले असते, एवढाच तिचा अर्थ. तेव्हा घरच्या चार झाडांनाही दव सुकल्यावरच, रबरी हातमोजे घालून हात लावावा. तंबाखूचे पाणी उकळून किडींवर फवारण्याचा सल्ला जुन्या बागकामाच्या पुस्तकांतून सर्रास आढळतो. तो आता मोडीत काढावयास हवा. तो काढा फवारणाऱ्याच्या अंगालाही विषारी असतो आणि भारतात निकोटीन सल्फेट या कीटकनाशकाचा वापर बंद करण्यात आला आहे.

पानांवरील नक्षी

एखाद्या झाडाच्या कोवळ्या पानांवर फिकट व गर्द हिरव्या रंगाचे ठिपके नक्षीसारखे उमटू लागले, तर तो केवडा रोग समजावा. हॉलंडमध्ये आडोल्फ मायरने १८८६ साली असे दाखविले, की रोगट पानाचा रस निरोगी झाडास टोचला असता तेही रोगी होते. १८९२ मध्ये रशियातील इव्हानोव्हस्कीला आढळले, की जीवाणूही अडकून पडावेत अशा बारीक गाळणीतून हा रस गाळला तरी त्याची रोगकारक शक्ती टिकून राहते. १८९८ मध्ये बायजेरिंकने हे काही निराळेच, जिवंत पेशींतच वाढणारे द्रव्य असल्याचे सांगून त्यास व्हायरस म्हटले. स्टॅन्लीने १९३५ साली त्याचे स्फटिक मिळविले. स्फटिकरूपात बाटलीत ठेवता येणारी आणि तरीही पानात गेल्यावर वाढणारी ही वस्तू सजीव म्हणावी की निर्जीव, हा वाद एका साध्या पानावरच्या ठिपक्यांतून जन्मला.

परसबागेच्या दृष्टीने या विषाणूचा चिवटपणा अधिक महत्त्वाचा. वाळलेल्या पानात तो वर्षानुवर्षे टिकतो, विडीतील वा चघळण्याच्या तंबाखूतही असू शकतो आणि ती हाताळणाऱ्याच्या बोटांवरून तो तंबाखूप्रमाणेच टोमॅटो व मिरचीवरही जातो. म्हणूनच तंबाखूची झाडे भाजीच्या वाफ्यांपासून दूर लावावीत आणि रोपांना हात लावण्यापूर्वी साबणाने हात स्वच्छ धुवावेत. बागेत काम करणारा माळी तंबाखू मळणारा असेल, तर त्याला ही गोष्ट समजावून सांगणे घरधन्याचे काम आहे. दुधाने विषाणूची बाधा रोखली जाते, असे अनुभवास आल्याने काही रोपवाटिकांत कामगार मलई काढलेल्या दुधात हात बुडवून काम करतात. रोगी झाड मात्र बरे होत नाही. ते उपटून जाळावे.

झाडाच्या बुडाशी जमिनीतून निस्तेज, पाने नसलेले, फुलांचे तुरे वर आले, तर ते बंबाखू होय. ही परोपजीवी वनस्पती तंबाखूच्या मुळांवर आपली मुळे रोवून अन्न शोषते. तिचे बी तंबाखूपेक्षाही सूक्ष्म असून जमिनीत अनेक वर्षे जिवंत राहते. म्हणून ते धरण्यापूर्वीच तुरे उपटले पाहिजेत.

बी धरणे

तंबाखूचे फूल बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळते. तरी मधमाश्या व पतंग थोडा संकर घडवितातच. वाण शुद्ध राखावयाचा असल्यास कळ्या उमलण्यापूर्वी मधल्या तुऱ्यावर मलमलीची पिशवी सैल बांधावी आणि पाचसहा दिवसांनी ती हलवून गळालेल्या पाकळ्या झटकून टाकाव्यात. त्या पिशवीत राहिल्या की बोंडांना बुरशी लागते. एका तुऱ्यावर वीसपंचवीसच बोंडे ठेवून बाकीची खुडली, तर बी टपोरे भरते. बोंडे पूर्ण तपकिरी झाली की तुरा कापून कागदावर उलटा टांगावा. एका बोंडात दोन हजारांच्या आसपास दाणे निघतात. दुहेरी मलमलीतून चाळलेले हे बी आठवडाभर सावलीत सुकवावे, काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत भरावे व तीवर वाण, वर्ष आणि ‘विषारी झाडाचे बी’ हे शब्द लिहावेत. कोरड्या, थंड जागी ते कित्येक वर्षे उगवणक्षम राहते. झाडाचे उरलेले खोड व मुळे कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नयेत. ती उपटून, वाळवून जाळावीत आणि पुढील हंगामात त्या जागी टोमॅटो, वांगी वा मिरची न लावता ज्वारी, मका असे एखादे तृणधान्य घ्यावे.